कुठून पाहिलंत?

कुसुम गेल्याचा निरोप शाळेचा शिपाई घेऊन आला, तेव्हा मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. "पुढचं सोडवा," असं मुलांना म्हटलं खरं, पण मला स्वतःलाच पुढचं काही सुचत नव्हतं... दादरच्या आमच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. आमची मैत्री आणि भांडणं एकाच दिवशी सुरू झाली. इतकं हट्टी माणूस मी दुसरं पाहिलं नाही आणि त्या हट्टापुढे मी मनापासून हात टेकले ते काळाचौकीच्या एका चाळीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते. त्या चाळीजवळच्या नाक्यावर गोळीबार झाला आणि गिरणीत काम करणारा दामोदर गेला. दंगलखोर होता, अंगावर चालून आला, असं पोलिसांचं म्हणणं. प्रेतही घरी दिलं नाही, त्यामुळे जखम कुणी पाहिली नव्हती. सरकार चौकशी करेना, तेव्हा वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी लोकांचीच चौकशी भरवायची ठरवली आणि जबान्या घ्यायला आम्हा दोघींना बोलावलं. दामोदरची बायको शेवंताबाई एवढंच मागत होती, की माझ्या माणसाला दंगलखोर म्हणू नका.

चाळीत नळ सगळ्यांचा, भांडणं सगळ्यांची, तसं हे मरणही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. रोज गॅलरीत बसून सांगता सांगता सगळ्यांची हकिकत एकच झाली होती. दामोदर हात जोडून उभा होता, तरी गोळी घातली. एकाने वाक्य सुरू करावं, दुसरीने संपवावं. मी भराभर लिहून घेत होते, तर कुसुमने माझा हात धरला. "थांब गं. ही इतक्या जणांची जबानी नाही, एकाचीच आहे."

मग तिने भूगोलाच्या बाईंनाच सुचेल असं काहीतरी केलं. एकेकाला एकटं घेऊन, ते माणूस गोळी सुटली त्या वेळी जिथे होतं तिथेच उभं करायचं आणि म्हणायचं, "इथून जे दिसलं तेवढंच सांगा." बहुतेकांच्या दारातून गोदामाची भिंत दिसत होती. माणसं खोटारडी नव्हती. कळवळून ऐकलेलं त्यांना पाहिल्यासारखंच वाटत होतं. एक म्हातारे काका तर त्या भिंतीकडे बघत रडायलाच लागले.

शेवंताबाई गोळीबाराच्या वेळी गॅलरीच्या टोकाला कपडे वाळत घालत होती. तिथून नाका स्वच्छ दिसतो. तिथे जाऊन तिने दोरी धरली आणि आपल्या मालवणीत म्हणाली, "हातात धोंडो होतो, बाई. पण ह्येनी तो खाली टाकल्यानी, पाठ फिरवल्यानी, आणि मगे गोळी इली."

कार्यकर्ते हादरलेच. "धोंड्याचं गाळा, बाई. पोलिसांना आयतं कोलीत मिळेल!" मलाही, खरं सांगते, तेच वाटलं होतं. कुसुम शांतपणे म्हणाली, "धोंडा गाळलात तर पाठही गाळावी लागेल. दोन्ही पाहणारे डोळे एकच आहेत." आणि शेवंताबाईला म्हणाली, "पण हे बोलायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

चौकशीची सभा मैदानात भरली, तिथे शेवंताबाई उभी राहिली आणि धोंड्यासकट सगळं बोलली. तेवढ्यात मागून एक गिरणीवाला उठला. "तो धोंडा मीच दिला त्याला." दुसरा उठला, "माझ्यापण हातात होता." मग नाक्यावरचा पानवाला, ज्याने भीतीने तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "पाठ फिरवलेली मी पण बघितली." खरं इतकं मोठं असतं आणि ते असं माणसामाणसांतून उभं राहतं, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. सरकारी कागद बदलला नाही. पण त्या वस्तीत दामोदरला दंगलखोर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

महाराष्ट्र राज्य झालेलं कुसुमने पाहिलं आणि ती गेली. गेल्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. एक वक्ते रंगात आले होते. "कुसुमताई त्या दिवशी गोळ्यांच्या वर्षावात निर्भयपणे उभ्या होत्या..." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. शेवटच्या बाकावरून शेवंताबाई उठली.

"बाई तेवा थय नव्हत्यो," ती म्हणाली. "त्यो मागसून इल्यो."