मोळीचा दोर

दाभाडे गुरुजी शाळेत आले की आधी खिशातून रिकामी काडेपेटी काढून टेबलावर ठेवत. ते विडी ओढत नसत. गारखेड्याच्या घरून निघताना बसथांब्याजवळच्या टपरीवर मागून आणत. आमच्या शाळेत आलेख काडेपेट्यांचे असत. एक पेटी म्हणजे एक शेळी, एक सायकल किंवा एक मूल.

करमाडजवळच्या एका वस्तीवरच्या त्या शाळेत आम्ही दोघेच शिक्षक होतो. मी उशिरा नोकरीला लागलेली आणि सभेत तोंड न उघडणारी. गुरुजी मात्र फळ्यावर रेघा ओढत, हातवारे करून शिकवत. "चार काड्या उभ्या, पाचवी आडवी. बांधली मोळी. मोळी म्हणजे पाच."

त्या वर्षी तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी बजावले होते, की जूनमध्ये येणारी वीस मुले दाखवा, नाहीतर शाळा बंद. मग लहानग्यांना जालना रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जावे लागले असते. गुरुजींनी ते कामही मुलांनाच दिले. एका गटाने घरोघर जाऊन नावे व खुणा लिहायच्या, दुसऱ्याने मोळ्या मोजायच्या, तिसऱ्याने पेट्या चिकटवायच्या. मोळ्या चार भरल्या. भिंतीवर वीस पेट्या चढल्या.

संध्याकाळी वह्या तपासताना मला पहिल्या गटातल्या सुनीताच्या वहीत प्रत्येक मोळीखाली चारच नावे दिसली. "पाचवं कोण गं?"

"पाचवा तर दोर हाय, मॅडम. दोर कुठं शाळंत येतो व्हय?"

मला हसू आले. सवयीने मी तपासल्याची लाल खूण केली आणि पुढची वही ओढली; गुरुजींना सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेट्या मोजल्या. "विडी लई ओढता गुरुजी. वीस आहेत, झालं तर मग." त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"नावं बी लिहून घ्या की साहेब," गुरुजी अभिमानाने म्हणाले. "वाच, सुनीता."

तिने चार नावे वाचली आणि थांबली. मग पुढची चार. गुरुजींनी वही हातात घेतली, प्रत्येक मोळीखालची नावे मोजली. मग भिंतीवरून एकेक करत चार पेट्या उतरवल्या.

"चूक माझी, साहेब. मी मोळी म्हणालो, लेकरांनी दोर बांधला. सोळाच आहेत."

"राहू दिल्या असत्या तरी मी काही घरोघर फिरलो नसतो, गुरुजी."

"ही फिरलीत ना," मुलांकडे पाहत ते म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली नाही. सामान हलवायच्या दिवशी कुलूप लावताना ते हळूच म्हणाले, "मॅडम, त्या वहीत तुमची लाल खूण होती." त्यांचा स्वर रागाचा नव्हता. त्यांची बदली शहरातल्या छावणी भागातल्या शाळेत झाली आणि तीन वर्षांत ते वारले. मी भेटायला गेलेच नाही.

आता मी रस्त्यापलीकडच्या शाळेत शिकवते. सोळांपैकी नऊ मुले आली. सुनीता आली नाही. फळ्यावर पाचवी काडी आडवी ओढते, पण तिला मोळी म्हणत नाही.