पाइपांचं फाटक

कुणी "सगळ्यांना विचारून केलंय हो" असं म्हणालं, की अजून माझं डोकं फिरतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला? एकदा मीच विचारलं होतं सगळ्यांना. हातात वही, पायात झिजलेल्या चपला, आणि चाळीस घरं. म्हणून बोलते.

आमची कॉलनी इंदिरानगरच्या अंगाला, ऐंशीनंतर वसलेली. तेव्हा तिकडे घरं कमी आणि मळे जास्त. रस्ता म्हणजे नुसती खडी टाकून ठेवलेली, डांबर येणार येणार म्हणून चार वर्षं वाट बघितली. सोसायटीच्या नकाशात मधोमध एक मोकळा भूखंड होता, बागेसाठी सोडलेला. तिथे विटांचे तुकडे, एरंडाची झुडपं आणि गुरं.

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास सपाट जागेवर चालवा, नाहीतर आहे ती ताकदही जाईल. सपाट जागा! खडीत कुबडी रुतायची, दोनदा तोंडावर आपटली होती. घरात ती भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायची, आठ पावलं, मग वळायचं. बाग होणार, बागेत फरशीची वाट होणार, हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचेना. कुबड्यांना नवी रबरं आणायला लावली आणि ती जपून ठेवली, बाग झाल्यावर लावायची म्हणून.

बाग कशी असावी हे लोकांनी ठरवायचं, असं सोसायटीच्या चेअरमननी काढलं. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले ओव्हरसीअर. प्रत्येक गोष्टीचा नकाशा काढायचे, चहाच्या टपरीचासुद्धा. चांगलंच काढलं त्यांनी, तेव्हा मलाही तसंच वाटलं. घरोघरी जाऊन सूचना लिहून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत बाई, अक्षर चांगलं. मलाही मेली हौसच फार.

शाळा सुटली की मी निघायची. निफाडकडून आलेल्या एका कुटुंबाला द्राक्षाचा मांडव हवा होता, इथेही. म्हाताऱ्यांना पाठ टेकायला बाकं हवी होती. शेवटच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबातल्या ताईंनी एकच सांगितलं, एक मोठा दिवा लावा, पोरांना अभ्यासाला बसता येईल. कुणाला गुलाब, कुणाला घसरगुंडी. पण एक गोष्ट प्रत्येक घरात निघायची. काहीही करा, पण गुरं आत येता कामा नयेत.

आता ही गुरं येत कुठून? मळ्यातून. आणि का येत? कारण आमच्या कॉलनीत सकाळी पहिली पोळी गाईची. तव्यावरून उतरली की बाई फाटकात उभी, "ये गं, ये गं" म्हणत. गाईच्या पाठीवर हात फिरवायचा, तो हात कपाळाला लावायचा. आणि दुपारी तीच गाय कुंपणातून तोंड घालून जास्वंद खायला लागली की तीच बाई काठी घेऊन मागे. मीही त्यातलीच. माझा कढीपत्ता तीनदा बुडख्यापासून खाल्ला होता एका तांबड्या गाईने, आणि तिला रोज पोळी घालणारीही मीच.

तर बैठकीत गेटाचा विषय निघाला. साधं गेट लावलं तर पोरं उघडं टाकून जाणार, गुरं शिरणार. मग मीच उठले. आमच्या तालुक्याच्या कचेरीत मी एक फाटक बघितलं होतं. लोखंडी पाइप असे आडवे बसवायचे की माणसाने कंबर वळवून, एकदा इकडे एकदा तिकडे होत आत जायचं. गाईचं अंग लांब, ती अडकते. दार नाही, कडी नाही, उघडं राहायचा प्रश्नच नाही. चेअरमननी तिथल्या तिथे नकाशा काढला. लोकांनी मान डोलावली, कुणी तरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी वहीत लिहिलं, "गेट पाइपांचे, सर्वानुमते," आणि खाली सही ठोकली. कढीपत्त्याचा सूड घेतला ना!

गुढीपाडव्याला बाग उघडली. नारळ फुटला, पेढे वाटले. माझी लेक नवं परकर-पोलकं घालून, कुबड्यांना नवी रबरं लावून आली. पोरं भराभर आत पळाली. ही पहिल्या वळणापर्यंत गेली. एक कुबडी पाइपांच्या आत, एक बाहेर. पाय वळेना, कॅलिपर पाइपांत अडकलं. मागे रांग लागली. मी बघत होते आणि मला आधी कळेचना काय झालंय ते. मग कळलं.

"उचला तिला, उचला," कुणी तरी म्हणालं. तेरा वर्षांची मुलगी. तिच्या वडिलांनी तिला सगळ्या कॉलनीसमोर पोत्यासारखं उचलून पाइपांवरून पलीकडे ठेवलं. कुबड्या दुसऱ्याच कुणी तरी आणून दिल्या. ती बाकावर बसली, एक पाऊलही चालली नाही. पाच मिनिटांनी म्हणाली, घरी जाऊ. म्हणजे पुन्हा उचलणं आलं.

घरी आल्यावर तिने कुबड्यांची रबरं काढून खिडकीत ठेवली. रडली नाही. म्हणाली, "आई, तू वही घेऊन सगळ्यांच्या घरी गेलीस. आपल्या घरी कधी आलीस?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी चेअरमनकडे गेले. त्यांनी शांतपणे वही काढली आणि माझंच अक्षर माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, "बाई, एका मुलीसाठी चाळीस घरांचं ठरलेलं बदलायचं का? तिला उचलायला आम्ही सगळे आहोत की."

त्या 'उचलायला'वर माझं टाळकंच सटकलं. मी म्हटलं, तुमच्या मातोश्रींना रोज असंच उचलून देवळात नेता का? ते लालबुंद झाले. मग मी घरोघर सांगत सुटले, गाईला पोळी घालणं बंद करा, गुरं यायची थांबतील, मग पाइप उपटता येतील. तर उलट मीच अधर्मी ठरले! ज्या बायकांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत 'बिच्चारी' म्हटलं होतं, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. गाईचा घास सुटता कामा नये, पोरीचं चालणं सुटलं तर चालेल.

असंच एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी आपटत या सगळ्यांचा उद्धार करत होते. लेक ओट्याशेजारी गणितं सोडवत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "बाजूला एक छोटं दार करा ना. कडी वर, कडीला साखळी. गाईला साखळी काढता येत नाही. मला येते."

मी म्हटलं, पोरं उघडं टाकतील. ती म्हणाली, पोरांना त्या पाइपांतून जायला मजा येते, ती कशाला साखळी काढत बसतील? मी विचारलं, हे तुला कधी सुचलं? तर म्हणाली, तू वही घेऊन फिरत होतीस ना, तेव्हाच.

ह्यांनी सातपूरच्या ओळखीच्या वेल्डरकडून दार करून आणलं. कमिटीला विचारलं नाही. कुंपणाची तार कापली आणि बसवलं. चेअरमन येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. तिने एक कुबडी काखेत दाबून धरली, साखळी काढली, आत गेली, वळली आणि आतून साखळी परत लावली. मी मागोमाग निघाले होते. साखळीला हात घातला तर तिने माझ्याकडे बघितलं.

"तू तिकडून ये," ती म्हणाली आणि फरशीवरून चालायला लागली.

मी पाइपांकडे गेले. दुसऱ्या वळणावर पदर अडकला. तो सोडवत मी तिथे उभी होते, आणि ती तोवर पार टोकाच्या बाकापर्यंत पोचली होती.