सिमांगची शिडी

बोहोल बेटावरच्या त्या गावात कुणाचं घर बांधून झालं, की पहिलं बोलावणं मानांग सिमांगला जायचं. मानांग म्हणजे थोरली बहीण. पण तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला मानांगच म्हणत, कारण तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

घरं सगळी बांबूची, उंच खांबांवर उभी, आणि वर जायला बांबूचीच शिडी. भिंत वाकडी आहे की छप्पर गळतंय याच्याशी सिमांगला काही देणंघेणं नसे. ती शिडी बघायची. एकेका पायरीवर बोट ठेवत "सोनं, चांदी, मरण, सोनं, चांदी, मरण" असं पुटपुटत वर जायची आणि शेवटच्या पायरीला मरण आलं की सुताराची काही खैर नसे.

"काढ ही पायरी! लोकांनी राहायला घर बांधलंय, मरायला नाही!"

पोटुशी बाई शिडीवर टेकलेली दिसली तर ती लांबूनच ओरडायची, "ऊठ गं बये! आईनेच वाट अडवली तर बाळ बाहेर कसं येणार?" बायका उठायच्या. मनात चार शिव्या देत का होईना, उठायच्या.

आता अशा बाईचा नवरा कसा असेल, हे सांगायलाच नको. तेबान माडी काढायचा. सकाळ-संध्याकाळ माडावर खारीसारखा सरसर चढणारा हा माणूस जमिनीवर मात्र अगदी गरीब. त्या गावात लग्न लागलं की नवराबायकोपैकी ज्याचा पाय आधी शिडीच्या माथ्याला लागेल त्याचं घरात राज्य, असा समज. चर्चमधून येताना वाटेवर तेबानच्या मावश्या त्याला पढवत होत्या, "एक झेप घे रे, माडावर घेतोस तशी!" आणि हा शहाणा शिडीशी येऊन थांबला. खाली वाकून त्याने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाला, "तू हो पुढे, सिमांग. हलतेय ही. मी धरतो."

गावाने ते त्याला जन्मभर ऐकवलं. बायकोच्या ताटाखालचं मांजर, म्हणत. तेबान हसून सांगायचा, "मांजराला ताटाखाली मासे तरी मिळतात. तुम्हाला काय मिळतं?"

सिमांगचा सगळ्यात कडक नियम मृतांसाठी होता. शवपेटी घराबाहेर पडली रे पडली की शिडी काढून उलटी लावायची, खालचं टोक वर आणि वरचं खाली. प्रार्थनेचे दिवस संपेपर्यंत ती तशीच ठेवायची. जिवंत माणूस अडखळत का होईना, चढतो. मेलेल्याला मात्र आपली शिडी ओळखू येत नाही, आणि तो माघारी फिरतो. नाहीतर मायेपोटी घरी येतो आणि जाताना ज्याच्यात जीव अडकलेला असतो त्याला सोबत घेऊन जातो. शेजारच्या उरसिंगचा नवरा गेला तेव्हा ती बिचारी शिडीला मिठी मारून रडत बसली होती. सिमांगने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि शिडी स्वतः उलटी केली.

मग एका पावसाळ्यात तेबानला खोकला लागला, तो छातीत उतरला, आणि तेबान गेला.

पेटी खाली उतरली. पेटी खांद्यावर घेऊन माणसं अंगणात उभी राहिली. पोल्दो सुताराने रिवाजाप्रमाणे शिडीला हात घातला.

"हात काढ," सिमांग म्हणाली.

"मानांग, शिडी उलटी..."

"ऐकू येत नाही का तुला? आहे तशी राहू दे."

गावाला आजवर जिने शिकवलं, तीच असं बोलत होती! उरसिंग पुढे आली. तिच्या आवाजात राग होता आणि रडूही.

"माझ्या वेळी माझी बोटं कुणी सोडवली होती गं?"

"मी. तुझ्या नवऱ्याला हाकलताना मला काही वाटलं नाही, उरसिंग. तो माझा नव्हता."

पोल्दो मध्ये पडला. "मानांग, राग मानू नका. पण फेलिसा बाळंतपणाला आलीय. बापाचा सगळा जीव लेकीत. उद्या काही बरंवाईट झालं तर?"

सिमांगने लेकीकडे पाहिलं. फेलिसा पोटावर हात ठेवून उभी होती. इतका वेळ ताठ उभी असलेली सिमांग तेवढ्या एका नजरेत खचल्यासारखी दिसली. सगळ्यांना वाटलं, आता ऐकेल.

"फेलिसा, आज सासरी जा," ती म्हणाली. "बाळंतपण तिकडेच होऊ दे."

"आई, मला नाही भीती वाटत. बाबाच आहेत ना ते!"

"मला वाटते. जा म्हटलं ना!"

आणि ती पेटीच्या मागे चालू लागली. शिडी होती तशीच राहिली.

दिवेलागणीला बायका प्रार्थनेला आल्या, भराभर जपमाळा ओढल्या आणि अंधार पडायच्या आत एकेक करून सटकल्या. फेलिसाला तिचा नवरा घेऊन गेला. ती वळणापर्यंत मागे वळून बघत होती. उरसिंग मात्र उठेना. तिने कोपऱ्यातली चटई ओढली.

"मी झोपते तुझ्याजवळ," ती म्हणाली.

सिमांगने चटई तिच्या हातून काढून घेतली, गुंडाळली आणि परत कोपऱ्यात ठेवली. "घरी जा."

"एकटी राहणार? आणि आज खरंच तो न्यायला आला तर?"

सिमांगने तिचा हात धरला, तिला शिडीपर्यंत आणलं आणि ती खाली पोचेपर्यंत वर दिवा धरून उभी राहिली.

"म्हणूनच तर तुला घालवतेय," ती म्हणाली. "अंधारात त्याला धड दिसत नाही. भलतीलाच घेऊन जायचा."