गोळाभात, डाव्या हातानं

"कोनाच्या हातचं हाय?"

पुढ्यात काहीही ठेवा, काकू आधी हेच विचारायच्या. उत्तर मिळेपर्यंत पदार्थाला बोट लावत नसत.

हिंगण्याच्या कंपनीत नोकरीला असलेले आम्ही चौघं त्यांच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो. दिवाळीची सुट्टी इतकी तुटपुंजी की गावी जाणं व्हायचं नाही. म्हणून पाडव्याला दुपारी गच्चीवर पंगत. नियम काकूंचा: ज्यानं त्यानं आपल्या हातानं एक पदार्थ करायचा. विकतचं आणणाऱ्याला पंगतीत जागा नाही.

पहिल्या वर्षी मी दुकानातल्या चकल्या घरच्या डब्यात भरून नेल्या. काकूंनी एक उचलून उलटसुलट पाहिली. "पोट्ट्या, तुले सरळ रेघ ओढता येत नाही. हे एवढं गोल कोनं काढलं?" झालं, मी वाढपी. भरल्या पंगतीत उपाशीपोटी वाढलं असेल कधी, तर माझं दुःख तुम्हाला कळेल. सगळे उठल्यावर मात्र काकूंनी स्वतः मला वाढलं. तूप पोळीवर नव्हतं, पोळी तुपात होती.

मग एका उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ शाबूत राहिली. तेव्हापासून दार लावून जेवायला लागल्या. पाडवा आला तशा म्हणाल्या, "तुमी बसा. माह्या हातचं काही नाही, मंग मी काहून बसू?"

"तुम्ही सांगा, मी करतो. हात तेवढा माझा."

"तुह्या हाताले अक्कल हाय का?"

त्यांचा पदार्थ म्हणजे गोळाभात. भरड वाटलेल्या चणाडाळीचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून वाफवायचे आणि वाढताना वरून हिंग-मिरचीचं कडकडीत तेल. मी पहिला गोळा वळला. "क्रिकेट खेळाचं हाय का?" मी लहान वळले. मग गोळे भातात ठेवले आणि सवयीनं पळी घालायला गेलो.

"ढवळू नोको!"

शेजारच्या घरातही कुणीतरी आपली भाजी ढवळणं थांबवलं असावं.

भात झाला. गोळे अख्खे राहिले. त्या आनंदात मी तेलाची तापलेली लोखंडी पळी उघड्या उजव्या हातानं धरली. "फडकं घे," काकू म्हणाल्या, पण तोवर माझा हात बादलीत होता.

"चला काकू, वर."

त्या हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "चार मानसांत डाव्या हातानं कशी जेवू गा?"

"जेवू नका, नुसत्या बसा," म्हणत आम्ही त्यांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं.

मी डाव्या हातानं जेवायला लागलो. यात माझा मोठेपणा शोधू नका. उजव्या तळव्याला फोड आले होते. पहिला घास हनुवटीला, दुसरा शर्टाच्या खिशात. पोरं खिदळत होती. काकूंनी बराच वेळ दम धरला.

"अरे, जेवून राहिला का पेरून राहिला? बोटं जवळ घे. अंगठ्यानं लोट."

"जमून नाही राहिलं, काकू."

"असं, पाह्य!" त्या वाकल्या, माझ्याच पत्रावळीतला गोळा भातात कुस्करला आणि डाव्या हातानं घास तोंडात घातला.

मग त्यांच्या लक्षात आलं. हात तोंडाशीच थांबला.

"पुन्हा दाखवा," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आंधळा हाय," म्हणाल्या, आणि स्वतःसाठी पत्रावळ मागितली.

पुढच्या पाडव्याला काकू नव्हत्या. त्या खोल्यांत आता दुसरी पोरं राहतात. मला मात्र काकू आठवतात त्या त्याच दुपारच्या. मांडीवर पत्रावळ घेऊन हळूहळू जेवत होत्या, शीत शीत गोळा करत. आमचं केव्हाच आटोपलं होतं, पण पंगतीत एक माणूस जेवत असताना उठायचं नसतं. ऊन पायांवर आलं. हाताला लागलेला भात वाळून कडक झाला.

"काहून बसले गा? उठा न."

"आमचं व्हायचंय, काकू."

त्यांनी आमच्या चाटूनपुसून साफ झालेल्या पत्रावळींकडे एकवार पाहिलं, आणि आणखी एक गोळा मागितला.