"उचलू नको" नावाचा नंबर

आधीच सांगते, माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात आला तो पगाराच्या सहीपुरता. चुका दिसतील तिथे सांभाळून घ्यावं.

कारखान्यात चहाच्या सुट्टीत आमच्या लाइनवरची मंदा माझ्या टेबलाशी आली आणि तिने फोन पुढे केला.

"ताई, हे वाचा."

एक मिस्ड कॉल होता. नावाच्या जागी लिहिलं होतं, "उचलू नको". खाली त्याच नंबरवरून मेसेज होता, "तळवड्यात हाईस व्हय. कंपनी बी कळली. येतो."

हा मंदाचा नवरा. त्याच्या मारहाणीला कंटाळून ती हिंगोलीकडून लेकराला घेऊन इकडे पुण्याजवळ तळवड्यात आली होती. सिम तिने बदललं नव्हतं, कारण बँक, आधार, गॅस सगळं त्याच नंबरला जोडलेलं. नवऱ्याचा नंबरही तिने पुसला नव्हता. पुसला तर फोन कोणाचा ते कळणार नाही आणि चुकून उचलला जाईल. ब्लॉक केला तर तो दुसऱ्या नंबरवरून करणार. म्हणून नाव ठेवलं "उचलू नको". दिराचा नंबर "उचलू नको दोन". आमच्या लाइनवर आणखी दोघींच्या फोनमध्ये असे नंबर आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

नवऱ्याकडे तिचा नंबर होता, पण ती कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं. तेवढ्यावरच तिचं चाललं होतं. आता ते त्याला कळलं होतं.

आमचं काम हार्नेसचं. गाडीत दिव्यांना, हॉर्नला, मीटरला वायरी जातात, त्या सगळ्यांचा एक जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. लाकडी बोर्डवर खिळे असतात, त्यांच्यामधून रंगाप्रमाणे वायरी टाकायच्या. मग चेकिंगवाली एकेक वायर बघते. ती हो म्हणाली की मी काळी टेप गुंडाळते. टेप लागल्यावर आत कुठली वायर कुठे गेली हे कोणालाच दिसत नाही. म्हणून चेकिंग टेपच्या आधी. मी पहिल्यापासून टेपिंगलाच आहे. त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते बरं पडतं.

त्याच आठवड्यात आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराने हजेरीचं नवीन ॲप आणलं होतं. गेटवर आलं की आपल्याच फोनवर आपला फोटो काढायचा, की हजेरी लागली. आमच्यात सगळ्यांकडे असे फोन नाहीत. माझा बटणांचा आहे. लाइनवरच्या राधाबाईंचा फोन त्यांचा मुलगा कॉलेजला घेऊन जातो. मग आमच्या रिक्षातून येणाऱ्या सगळ्यांची हजेरी मंदाच्याच फोनवर लागायला लागली. एकीने फोटो काढायचा, फोन पुढचीला द्यायचा. ठेकेदाराचा सुपरवायझर गणेश म्हणाला, "कुणाच्या का फोनवर होईना, तोंड दिसलं म्हणजे झालं." ॲप टाकायचं कामही त्यानेच केलं. टेबलाटेबलावर जाऊन बायकांचे फोन घ्यायचा आणि ॲप जी परवानगी मागेल तिला न वाचता अलाऊ, अलाऊ, अलाऊ दाबत जायचा.

त्या दिवशी सकाळी राधाबाईंच्या मुलाने त्याच्या फोनवर आलेला एक मेसेज आईला दाखवला होता. मंदा आमच्या ॲपवर आहे, तळवड्यात अमुक कंपनीत काम करते, तुम्हालाही काम हवं असेल तर इथे दाबा, असं त्यात होतं. सोबत मंदाचा गेटवरचा फोटो. राधाबाईंनी लाइनवर सगळ्यांना सांगितलं.

"मंदे, एजंट झालीस का गं? माणसामागं कमिशन किती?"

"वडापाव तरी दे मग."

मंदाही हसली होती. मेसेज कोणाकोणाला गेला असेल ते तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता चहाच्या वेळी आलं. तिच्या फोनमध्ये जेवढी नावं होती तेवढ्या सगळ्यांना तो गेला होता. फोनमध्ये नाव आहे म्हणजे ते आपलं माणूस, असं ॲपने धरलं होतं.

मला साहेबांपुढे बोलायला जमत नाही. म्हणून मी आधी मंदाला घेऊन गणेशकडे गेले.

"गणेश, तुझ्या ॲपने हिच्या नवऱ्याला पत्ता दिला."

"माझं कुठलं ॲप मावशी? ठेकेदाराचं आहे."

"अलाऊ कोणी दाबलं?"

"ते दाबल्याशिवाय पुढे जातच नाही."

"मग ते विचारतं कशाला?"

तो हसायला लागला होता. मंदाचं तोंड बघून थांबला आणि स्वतःच आम्हाला साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेला.

आमचे साहेब म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः हातात कटर घेऊन काम केलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि ठेकेदाराला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"साहेब, बायकांनी परवानगी दिलीय," ठेकेदार म्हणाला. "ॲपमध्ये रेकॉर्ड आहे."

"परवानगी तुमच्या गणेशने दिलीय. बायकांनी फोन दिला होता."

"एकच झालं ना साहेब."

"असं? मग तुमच्या घरातल्या बायकांचे नंबर द्या गणेशकडे. तो देईल परवानगी."

ठेकेदाराने फोन ठेवला.

कंपनीचे कॉम्प्युटर बघायला निखिल नावाचा मुलगा येतो. जवळच्या माण गावात राहतो. साहेबांनी त्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं. त्याने मंदाचा फोन बराच वेळ बघितला.

"सगळे नंबर नेलेत या ॲपने."

"परत घेता येतील?" मंदाने विचारलं.

"नाही ताई. ॲप काढून टाकतो. पण गेलं ते गेलं."

"आत अजून काय काय करतं हे?" साहेबांनी विचारलं.

"बाहेरून सांगता येत नाही सर. ज्याने बनवलं त्यालाच माहीत."

"म्हणजे टेप मारलेला माल," साहेब म्हणाले. "आणि मी चेक न करता घेतला."

नवरा तिसऱ्या दिवशी आला. गेटवर आमचे वॉचमन तात्या असतात, इथल्याच गावचे. त्याने फोनमधला मंदाचा फोटो तात्यांपुढे धरला.

"ही बाई आत हाय का?"

तात्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"न्हाई बा. हितं अशी कोन न्हाई."

"फोटूत तुमचंच गेट हाय की."

"गेट हाय. बाई न्हाई. ठेक्याची मानसं, आज हाय, उद्या न्हाई. आमी कुनाकुनाला ध्येनात ठिवायचं?"

तो समोरच्या टपरीवर जाऊन बसला. जेवणाच्या सुट्टीत बसला होता, शिफ्ट सुटायची वेळ झाली तरी बसलेलाच होता. मंदा माझ्या टेबलामागे भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवशी तिने एकही वायर टाकली नाही आणि कोणी तिला काही म्हटलं नाही.

साहेबांनी पोलीस चौकीत फोन केला. चौकीवाले म्हणाले, तो बाहेर बसलाय, त्याने काही केलेलं नाही, बाईला येऊन तक्रार देऊ दे. मंदा म्हणाली, "तक्रार दिली तर त्यात राहायचा पत्ता लिहावा लागंल. तो पुन्हा कुनाच्या हाती जाईल?"

शेवटी ती मालाच्या टेम्पोतून गेली. आमची चाकणला एक छोटी शेड आहे, तिथून माल मोठ्या कंपनीत जातो. हार्नेसच्या क्रेटमागे ती बसली, वरून ताडपत्री. राधाबाईंनी तिच्या लेकराला शाळेतून परस्पर चाकणला पोचवलं. टेम्पो टपरीसमोरूनच गेला. नवऱ्याने मान वर करून पाहिलं आणि मान परत चहाच्या कपात घातली, असं तात्यांनी सांगितलं. आणखी दोन दिवस तो येऊन बसला. मग आला नाही.

मंदाला चाकणच्या शेडमध्येच काम मिळालं. खोलीचं डिपॉझिट लाइनवरच्या सगळ्यांनी मिळून भरलं. साहेब देत होते, पण मंदाने ते घेतलं नाही. आमचं घेतलं, तेही परत देईन म्हणून.

पुढच्या महिन्यात निखिलने गेटवर एक टॅब लावला. आता हजेरी त्यावर, आमचे फोन आमच्याकडे. हे ॲप ओपन सोर्स आहे, तो सगळ्यांना सांगत होता. म्हणजे प्रोग्राम आतून कसा लिहिलाय ते उघडं ठेवलेलं असतं, कोणीही वाचू शकतं, त्यामुळे लपवाछपवी चालत नाही.

मी कडेला उभी होते. विचारू की नको करत शेवटी विचारलं.

"कोणी वाचलंय का पण?"

"जगभरचे लोक वाचतात मावशी."

"आपल्यातलं कोणी?"

त्याने मान खाजवली. "मी थोडं वाचलंय. सगळं नाही. खरं सांगायचं तर चांगलं म्हणतात म्हणून लावलं."

साहेब मागेच होते. "आपला बोर्डसुद्धा उघडाच असतो रे," ते म्हणाले. "तरी चेकिंगला मी माणूस बसवतो, पगार देतो. तू वाच. तुझा वेळ होईल त्याचे पैसे घे. तोवर वहीत सह्या."

निखिलने वाचलं. एक ठिकाण त्याला सापडलं, तिथे फोटो गरज नसताना जपून ठेवले जात होते. ते त्याने बंद केलं, ज्यांनी बनवलं त्यांनाही कळवलं. त्यांचं उत्तर आलं, तेव्हा त्याने ते आम्हाला मराठीत करून सांगितलं. त्यांनी आभार मानले होते. ठेकेदाराच्या ॲपवाल्यांना साहेबांनी तीनदा मेल केला होता. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

या सगळ्यातून मला एवढंच कळलं, की उघडं ठेवलंय म्हणजे तपासलंय असं नाही. कोणीतरी खाली बसून एकेक वायर बघावी लागते. आणि बघणाऱ्याला बघू दिलं तरच पुढचा विश्वास.

मंदा दर महिन्याला टेम्पोवाल्याच्या हाती डिपॉझिटचे थोडे थोडे पैसे पाठवायची. फोनवरून पैसे पाठवणं तिने सोडलं होतं. पाकिटाला आमचीच काळी टेप गुंडाळलेली असायची, वाटेत कोणी उघडू नये म्हणून. मी ते कटरने कापायची.

शेवटचा हप्ता द्यायला ती स्वतः आली, रविवारी, माझ्या घरी, लेकराला घेऊन. पाकीट उघडंच होतं.

"ताई, टेप लावली न्हाई. मोजून घ्या."

मी तिच्यासमोर मोजले. पूर्ण होते.