डब्यातली खटखट

आज आवाजाच्या इफेक्टचा जुना डबा लावला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. थेट सुरतची आमची खोली आठवली, नव्वदच्या दशकातली एक दुपार. पुस्तकाएवढा असाच डबा ऑर्केस्ट्रातून मागून आणून मी सिंथेसायझरला जोडला होता. कापड विणायच्या लूमवर रात्रपाळी करून आलेले वडील शेजारीच झोपले होते. मी एक सूर दाबला. डबा त्याचे पडसाद काढू लागला. वेग वाढवला तशी खटखट, खटखट सुरू झाली. असा आवाज जगात मीच पहिल्यांदा काढला, असं वाटून मी खूश!

वडील ताडकन उठून उभे राहिले. डोळे मिटलेलेच, हात मात्र हवेत काहीतरी चाचपत होते.

“धागा तुटना का रे?” धागा तुटला का, असं ते झोपेतच अहिराणीत विचारत होते.

मी घाईघाईने बटण बंद केलं. खटखट थांबली, तसे ते आणखीच घाबरले.

“लूम बंद पडना!”