काळ्या घेवड्याची मूठ

कुंदामावशी भुतांशी भांडायच्या. घाबरून नाही, हक्कानं. नागपूरच्या कॉलेजात आयुष्यभर प्राचीन इतिहास शिकवून त्या कॅनडात, मार्कहॅमला मुलाकडे, अजयकडे राहायला आल्या होत्या, आमच्या भिंतीला भिंत लागून. मी ऑफिसातून आले की चहाला हाक मारायच्या आणि रोमन लोकांच्या गोष्टी काढून बसायच्या. "मे महिन्यात घरधनी अनवाणी उठायचा. काळा घेवडा पाठीमागे फेकायचा आणि म्हणायचा, यानं मी माझी नि माझ्या माणसांची सुटका करून घेतो. मग भांडं बडवून सांगायचा, बापजाद्यांनो, निघा. मागे वळून बघायचं नाही. आपण मात्र पितरांना वडे तळत बसतो."

समोर मिसेस लाउ नावाची चिनी विधवा राहायची. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, ऐन ऑगस्टात, ती रस्त्याच्या कडेला भात आणि संत्री ठेवायची, उदबत्त्या लावायची आणि पत्र्याच्या डब्यात कागदाचे कपडे जाळायची. मावशींनी विचारलं, "हू इज धिस फॉर?"

"घोस्ट, नो फॅमिली," ती म्हणाली. "नोबडी कुक फॉर देम. व्हेरी हंग्री, व्हेरी अँग्री."

मावशी तिथंच कठड्यावर बसल्या. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा शुभाबद्दल कळलं. शुभा त्यांची मुलगी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासरी जळून मेली. सासरचे म्हणाले, स्टोव्हचा भडका उडाला. मावशी पोलिसांत निघाल्या तर त्यांच्या नवऱ्यानं दाराला कडी घातली. "गेलेली परत येणार आहे का, म्हणाले. घराण्याचं नाव जाईल, म्हणाले. सासरच्यांनी पोराला दुसरी आणली, शुभाचं श्राद्ध कोण करून राहिलं? आणि आमच्याकडे दिलेल्या मुलीचं करत नाहीत. न पाहिलेल्या पणज्याला दरवर्षी पान, माझी पोर बाहेर उपाशी." हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

पुढच्या ऑगस्टात मिसेस लाउच्या भाताशेजारी पाटवडी-रश्श्याचं ताट आलं. शुभाच्या आवडीचं. मिसेस लाउनं कौतुकानं तिच्यासाठी कागदाचा झगा आणला होता. मावशींनी तिचा हात धरला. "नो फायर. नॉट फॉर हर." तिनं डब्यावर झाकण ठेवलं. ते ताट असेल तिथे तिनं पुन्हा कधी काडी ओढली नाही.

त्याच वर्षी पितृपक्षात अजयनं वडिलांच्या श्राद्धाला गुरुजी बोलावले. मावशी म्हणाल्या, "शुभाचंही पान मांडा." गुरुजींनी अजयकडे पाहिलं.

"आई, प्लीज, इश्यू नको करू. बाबांचा दिवस आहे."

मावशी स्वयंपाकघरातून काळ्या घेवड्याची पिशवी घेऊन आल्या. चपला काढल्या, नवऱ्याच्या फोटोकडे पाठ केली आणि मूठभर घेवडा खांद्यावरून मागे भिरकावला. "यानं मी माझी नि माझ्या पोरीची सुटका करून घेते. निघा." मग डावानं तांब्या असा बडवला की गुरुजींचा मंत्र तुटला.

"आई, आर यू क्रेझी?"

"इतकी वर्षं थिअरी शिकवली," त्या म्हणाल्या. "प्रॅक्टिकल आज केलं."

दोन हिवाळ्यांनंतर मावशी गेल्या. अजयनं त्यांचा फोटो वडिलांच्या शेजारी लावला आणि दोघांना मिळून एकच हार घातला. पुढच्या पितृपक्षात मला जेवायला बोलावलं. पानं दोनच होती. मी शुभाचं विचारलं.

"अगं, तो चॅप्टर क्लोज झाला आता," अजय म्हणाला.

मला अंदाज होताच, म्हणून मी पर्समध्ये घेवडा घेऊन गेले होते. हारातून मावशींचा फोटो सोडवून काखेत घेतला. त्यांच्या नवऱ्याकडे पाठ केली आणि मूठ मागे फेकली. फरशीवर दाणे तडतडले, अजय माझं नाव घेऊन ओरडला.

मी बाहेर पडले. तिचा सातवा महिना सरला होता, तरी माझ्या सांगण्यावरून मिसेस लाउ समोर रस्त्याच्या कडेला शुभासाठी ताट घेऊन उभी होती. तिला पाटवडी येत नाही, तिनं भात आणि संत्री वाढली होती. मी फोटो ताटाशेजारी ठेवला. अजय दारातून हाका मारत होता. मी मागे वळून बघितलं नाही.